पाणी भरत राहू नकोस, ते जातंय कुठे ते शोध

इंग्लंडमधल्या स्लाऊहून आलेलं पत्र, थोडं कमी करून:

«काका, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही इथे घर घेतलं. स्वयंपाकघरात कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे रेडिएटर आणि नळाचं गरम पाणी दोन्ही एकाच पेटीतून, ९ वर्षांचा. नोव्हेंबरपासून त्याचं प्रेशर उतरतंय. काटा शून्याकडे आला की बॉयलर बंद पडतो, मग मी खालच्या चंदेरी नळीचे दोन्ही कॉक उघडून पाणी भरते. आधी पंधरा दिवसांनी भरावं लागायचं, आता दिवसाआड. सारखं भरायला नको म्हणून हल्ली २ च्या वर नेऊन ठेवते. सांगलीहून सासू-सासरे आलेत. त्यांच्या खोलीतला रेडिएटर वरून गरम आणि खालून गार असतो. दर रविवारी मी चावीने त्यातली हवा काढते, तेव्हा काळं पाणी येतं. मागच्या आठवड्यात कडाक्याच्या थंडीत एका सकाळी बॉयलर गुडगुड करत बंदच पडला, तो दुपारी रीसेट केल्यावर सुरू झाला. इंजिनिअर आला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, नवा बसवा. सासरे वीज मंडळातून निवृत्त झालेत, ते म्हणतात दुरुस्त होईल. सासूबाईंचं डोकं सकाळी जड असतं, त्या म्हणतात इथली हवाच मानवत नाही. नवा घ्यावा का?»

तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी आधी घेणार आहे. बॉयलरचं नंतर बघू.

सासूबाईंचं डोकं सकाळी जड असतं, हे तू जाता जाता लिहिलं आहेस. कारण साधं असू शकेल: बंद खिडक्या, कोरडी हवा, अपुरी झोप. पण ज्या घरात गॅसवर चालणारा बॉयलर नीट चालत नाही, त्या घरात सकाळची डोकेदुखी मी कधीच सोडून देत नाही. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास असतो ना रंग. डोकं जड होणं, मळमळणं, चक्कर, थकवा, सगळं सर्दी-तापासारखंच वाटतं. आईंना एवढंच विचार: बाहेर फिरून आल्यावर बरं वाटतं का, आणि घरात परतल्यावर पुन्हा डोकं धरतं का? घरातल्या बाकीच्यांनाही तसंच होतंय का? उत्तर हो असेल तर बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा. हा गॅसच्या आणीबाणीचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो. डॉक्टरांनाही स्पष्ट सांगा की कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे. नाहीतर औषध सर्दीचंच मिळेल.

उत्तर नाही असलं तरी आज दुकान बंद व्हायच्या आत कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म घेऊन ये. एक स्वयंपाकघरात लाव, बॉयलरपासून १ ते ३ मीटरच्या अंतरात, आणि एक आई-बाबांच्या खोलीत. नेमका कुठे आणि किती उंचीवर लावायचा, हे सोबतच्या कागदावर दिलेलं असतं. तो कागद वाचूनच लाव.

प्रेशर उतरण्याचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा थेट संबंध नाही, हेही सांगून ठेवतो, म्हणजे उगाच घाबरणार नाहीस. प्रेशर पाण्याचं असतं. विषारी वायू जळण्यातल्या बिघाडातून किंवा धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यातून येतो. गोष्टी दोन वेगळ्या, पण राहतात एकाच पेटीत.

आता बॉयलरकडे वळू. मी बावीस वर्षं इंग्लंडात हेच काम केलं, आणि त्या सगळ्या वर्षांत लोकांना सगळ्यात जास्त वेळा जर काही सांगितलं असेल तर ते हेच: पाणी भरत राहू नका. रेडिएटरमधलं पाणी नळाच्या पाण्यासारखं वाहून जात नाही. ते बंद चक्रात फिरतं. बॉयलरमध्ये तापतं, पंप ते खोल्याखोल्यांत ढकलतो, गार होऊन ते परत येतं. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाशी त्याची तुलना करू नकोस. बंबातलं पाणी आपण काढून घेतो, म्हणून भरावं लागतं. इथलं पाणी कुणी काढून घेत नाही. तरी दिवसाआड भरावं लागतंय, याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर जातंय. काटा शून्यावर येणं ही तक्रार आहे, आजार नव्हे. तू नोव्हेंबरपासून तक्रार मिटवते आहेस.

यात नुकसान काय होतं, ते तुझ्या काळ्या पाण्याने सांगितलंच आहे. नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो. रेडिएटर पोलादाचे. बंद चक्रातलं पाणी जुनं झालं की त्यातला प्राणवायू संपतो आणि गंजणं मंदावतं. तू दिवसाआड नवा प्राणवायू आत सोडतेस. शिवाय गंज रोखणारं जे रसायन पाण्यात घातलेलं असतं, ज्याला इन्हिबिटर म्हणतात, ते दर वेळी पातळ होत जातं. पोलाद गंजून काळी बारीक पूड होते, मॅग्नेटाइट म्हणतात तिला, लोहचुंबकाला चिकटते. ती जड असते, म्हणून रेडिएटरच्या तळाशी बसते. आई-बाबांच्या खोलीतला रेडिएटर खालून गार आहे तो यामुळेच. गाळ बसलाय तिथे गरम पाणी पोचत नाही. वरून गार असता तर हवा अडकलीय म्हटलं असतं, आणि तुझी चावी उपयोगी पडली असती. खालून गार असलेल्या रेडिएटरला चावीचा काही उपयोग नाही. उलट दर रविवारी हवेबरोबर थोडं पाणी जातं आणि प्रेशर आणखी उतरतं. शिवाय आठवड्याला जमणारी ती हवा बाहेरूनच येत असेल असं नाही. पोलाद गंजताना हायड्रोजन सुटतो, तोही तिथे साठतो. म्हणून ती चावी फिरवताना जवळ काडी किंवा उदबत्ती नको.

त्यात स्लाऊचं पाणी जड. तुझ्या किटलीत पांढरा थर बसत असेल, टेम्सच्या खोऱ्यात चुनखडीतून येणाऱ्या पाण्याने तो बसतोच. तोच चुना प्रत्येक भरण्याबरोबर बॉयलरच्या पोटात जातो आणि सगळ्यात तापलेल्या भागावर, म्हणजे हीट एक्स्चेंजरवर, बसतो. बॉयलर किटली उकळल्यासारखा आवाज करू लागला तर समज की थर चढलाय.

आता तू केलेली एक गोष्ट. २ च्या वर भरते म्हणालीस. जास्त भरलं तर जास्त दिवस टिकेल हा हिशेब साहजिक वाटतो, टाकीच्या बाबतीत तो बरोबरही आहे. इथे उलटा पडतो, आणि का ते कळलं की तुझा अर्धा प्रश्न सुटेल.

पाणी तापलं की फुगतं. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की जवळजवळ ३ लिटर वाढतं. बंद पाइपांत हे ३ लिटर जाणार कुठे? त्यासाठी बॉयलरच्या आत एक्सपान्शन व्हेसल नावाचा पत्र्याचा डबा असतो, बहुतेक कॉम्बीत ८ ते १० लिटरचा. त्याच्या मधोमध रबराचा पडदा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भरलेली हवा. पाणी फुगलं की पडदा हवेकडे सरकतो, गार झालं की परत येतो. ती हवा भरायचा व्हॉल्व मोटारीच्या टायरला असतो तसाच असतो, आणि टायरसारखीच ती वर्षानुवर्षांत हळूहळू उतरते. हवा उतरली की डबा पाण्याने भरून जातो आणि फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. मग काटा झपाट्याने चढतो, आणि ३ बारला (बार म्हणजे काट्यावरचं प्रेशरचं एकक) सेफ्टी व्हॉल्व उघडतो. कुकरची शिट्टी जे काम करते तेच. जास्तीचं पाणी तांब्याच्या एका बारीक नळीतून घराबाहेर पडतं. रात्री हीटिंग बंद झालं, पाणी आकसलं, की सकाळी काटा शून्याजवळ. तू भरतेस. पुन्हा तापतं, पुन्हा बाहेर पडतं.

थंड असताना काटा १ ते १.५ च्या दरम्यान हवा. तू २ च्या वर ठेवलास, म्हणजे चढायला जेमतेम १ बार उरला. भरलेलं पाणी तूच बाहेर घालवते आहेस, अशी माझी दाट शंका आहे. आणि हा सेफ्टी व्हॉल्व अनेकदा उघडला की त्याच्या बैठकीत कचरा अडकतो, मग तो नीट बसत नाही आणि पाणी गार असतानाही ठिबकत राहतो. पंधरा दिवसांचं दिवसाआडवर आलं, ते बहुधा असंच.

शंकेवर काही विकत घ्यायचं नाही. आधी खात्री करू, आणि हे काम बाबांना दे. वीज मंडळात आयुष्य गेलेला माणूस रीडिंग घ्यायला चुकणार नाही, आणि परक्या देशात दिवसभर खिडकीशी बसण्यापेक्षा त्यांनाही बरं वाटेल.

बॉयलर बंद करून पूर्ण गार होऊ दे. काटा १.२ वर आण. जास्त असेल तर रेडिएटरच्या चावीने थोडं पाणी काढ, कमी असेल तर भर. मग दोन्ही कॉक घट्ट बंद आहेत ना ते बघ. त्यानंतर तीन दिवस चावीला आणि कॉकला हात लावायचा नाही. घराबाहेर, बॉयलरच्या भिंतीवर, जमिनीकडे वाकलेली तांब्याची नळी शोध. तिच्या तोंडाला एक प्लास्टिकची पिशवी सैलसर बांध. घट्ट नको, नळी कधीही बंद करायची नाही, आणि ती तपासताना जपून, आतून कढत पाणी येऊ शकतं. बाबांनी वहीत दोन रकाने आखायचे: पहाटे हीटिंग लागायच्या आधीचा काटा, आणि हीटिंग तासभर चालल्यावरचा काटा. शेजारी लिहायचं, पिशवीत पाणी आहे की नाही.

गार असताना १.२ आणि तापल्यावर २.५ किंवा ३, दुसऱ्या दिवशी पहाटे अर्ध्या बारच्या खाली, आणि पिशवी ओली: व्हेसलची हवा उतरली आहे किंवा पडदा फाटला आहे. तापल्यावर काटा फारसा चढत नाही, तरी पिशवी ओली: सेफ्टी व्हॉल्व एकटाच दोषी. आणि पिशवी कोरडी, तापल्यावर काटा थोडासाच वर जातो आणि रोज तेवढाच उतरत जातो: मग खरी गळती आहे.

गळती म्हणजे दर वेळी छतावर डाग असं नाही. मला एका वृद्ध जोडप्याचं घर आठवतं. दोन वर्षं ते आठवड्याला पाणी भरत होते. कुठे ओल नाही, कुठे थेंब नाही. शेवटी बैठकीच्या खोलीतला गालिचा उचलला, तर खालच्या लाकडी फळ्या कुजून मऊ झाल्या होत्या. फळ्यांखालच्या तांब्याच्या पाइपला सुईएवढं भोक होतं. बॉयलर ठणठणीत होता. त्या दोन वर्षांत त्यांनी पाइप शोधला असता तर फरशी वाचली असती, हे सांगताना मला आजही वाईट वाटतं. म्हणून पिशवी कोरडी निघाली तर प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या व्हॉल्वखाली रात्री कोरडा कागदी रुमाल ठेव. सकाळी हिरवट-पांढरे डाग किंवा ओल दिसते का ते बघ. स्वयंपाकघराच्या छताकडेही बघ. आणखी एक वाट असते: हीट एक्स्चेंजरलाच चीर. मग पाणी बॉयलरच्या आतून कंडेन्सेटच्या, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी बाहेर नेणाऱ्या, पांढऱ्या प्लास्टिक पाइपने मोरीत जातं आणि कुणाला दिसत नाही. हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही बराच वेळ बंद असतानाही त्या पाइपातून थेंब पडत राहिले तर ते इंजिनिअरला आवर्जून सांग.

त्याच पाइपावरून तुझ्या त्या गुडगुड सकाळचं. हा वेगळा विषय आहे, प्रेशरशी संबंध नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या एप्रिलपासून नवे गॅस बॉयलर, थोडे अपवाद सोडता, कंडेन्सिंग प्रकारचेच बसवावे लागतात. ते धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता घेतात, आणि त्या वाफेचं पाणी या पांढऱ्या पाइपने बाहेर जातं. पाइप भिंतीबाहेरून बारीक आणि उघडा नेलेला असेल तर कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी गोठतं. पाणी बॉयलरमध्ये तुंबतं, गुडगुडतं आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. दुपारी बर्फ वितळला, रीसेट चालला. पुन्हा झालं तर हात पोचेल तेवढ्या पाइपावर कोमट पाणी ओत किंवा गरम पाण्याची पिशवी धर, मग रीसेट दाब. उकळतं पाणी नको, प्लास्टिक तडकतं, आणि खाली सांडून गोठलं तर कुणीतरी घसरेल. शिडीवर चढू नकोस, बाबांनाही चढू देऊ नकोस. कायमचा उपाय म्हणजे बाहेरचा पाइप ३२ मिलिमीटरचा आणि वरून पाऊस न शोषणारं आवरण. एवढ्यासाठी बॉयलर बदलत नाहीत.

मग इंजिनिअरकडे. बॉयलरचं झाकण तुम्ही उघडायचं नाही. काही बॉयलरांत ते झाकणच हवा आणि धूर आत कोंडून ठेवतं, ते नीट बसलं नाही तर सुरुवातीला लिहिलेला धोका खरा होतो. कॉक, चावी, काटा, थर्मोस्टॅटचे सेल इथवर तुमचं. त्यापुढे गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेला माणूसच. २००९ च्या एप्रिलपासून हीच अधिकृत नोंदणी आहे, त्याआधीचं कॉर्गी आता चालत नाही. कार्ड मागायला संकोचू नकोस, आणि ते उलटून बघ: कुठली कामं करायची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं.

दहा मिनिटांत नवा बसवा म्हणणाऱ्याला मी खोटा म्हणणार नाही. पण त्याने व्हेसलची हवा मोजली का? दुसऱ्याला बोलाव, बाबांची वही पुढे ठेव आणि विचार: पाण्याची बाजू रिकामी करून हवेचं प्रेशर मोजलंत का? ते सहसा ०.७५ ते १ बार लागतं, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. हवा कमी असेल तर पंपाने भरता येते. त्या व्हॉल्वमधून हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय आणि व्हेसल बदलावं लागेल. आतलं काढणं फारच अवघड असेल तर बाहेरच्या पाइपावर वेगळं व्हेसल बसवता येतं, बरेच जण तसं करतात. सेफ्टी व्हॉल्व वारंवार उघडला असेल तर तोही त्याच वेळी बदलून घे. ही दुरुस्ती आहे, आणि नव्या बॉयलरच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही. जाता जाता वॉरंटीही तपास. काही बॉयलरांना १० वर्षांची मिळते, पण दर वर्षी सर्व्हिस झाल्याची नोंद लागते. आधीच्या मालकाने दिलेल्या कागदांत बघ आणि सीरियल नंबर घेऊन कंपनीला फोन कर. तो एक फोन फुकट आहे.

नवा कधी घ्यावा? हीट एक्स्चेंजर फुटला असेल आणि वॉरंटी संपली असेल, किंवा भाग मिळेनासे झाले असतील, तेव्हा बेलाशक घे. पण तेव्हाही आधी रेडिएटर धुऊन घ्या, परतीच्या पाइपावर लोहचुंबकाचा फिल्टर बसवा, पाण्यात इन्हिबिटर घाला. नाहीतर नव्या बॉयलरच्या पोटात तोच जुना काळा गाळ जाईल. आताचा वाचला तरी आई-बाबांच्या खोलीसाठी ही सफाई लागणारच, मात्र गळती थांबवल्यानंतर. आधी नको, सगळं रसायन वाहून जाईल.

भाड्याच्या घरात राहणारे बरेच जण हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी: इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती १९८५ च्या कायद्याने सहसा घरमालकाची जबाबदारी आहे, आणि गॅसची तपासणी त्याने दर वर्षी करून घ्यायलाच हवी. लेखी कळवा, तारखेसह.

या तीन दिवसांत काटा शून्यावर आला आणि घर गारठलं, तर १.२ पर्यंत एकदा भर आणि तेही वहीत वेळेसकट लिहा. दोन वयस्कर माणसांना थंडीत बसवून प्रयोग करायचा नाही. खोलीपुरता तेलाचा विजेवरचा हीटर आणा. गॅसची शेगडी पेटवून खोली ऊबदार करायची नाही आणि कोळशाची शेगडी घरात आणायची नाही. आईंना हे तूच समजाव. सांगलीच्या मोकळ्या घरातली सवय इथल्या बंद खिडक्यांत जीवावर बेतते.

बाबांच्या वहीचं पान फोटो काढून पाठव, आकडे बघून इंजिनिअरशी काय बोलायचं ते मी लिहून देईन. पण त्याआधी, आज रात्री दोन ओळी पाठव: अलार्म लागले का, आणि बाहेर फिरून आल्यावर आईंचं डोकं उतरलं का.